भाग: लोणारचं गुलाबी पाणी आणि सोनोग्राफीतले बुडबुडे

आजची गोष्ट अकोल्यातल्या एका सोनोग्राफी सेंटरच्या बाकड्यावर सुरू होते. आत्याला घेऊन गेलो होतो. यकृतात गाठ दिसली होती. आत्या माझ्याकडे वळून म्हणाली, "पोटात लाइट त नाही लावला यायनं, मंग दिसते कसं बाप्पा?"

हसलो, पण नीट उत्तर देता आलं नाही. तेच आज देतो.

सोनोग्राफीत उजेड नसतो, आवाज असतो. आपल्याला ऐकू न येणारा, सेकंदाला लाखो वेळा थरथरणारा. तो शरीरात जातो, वाटेत पेशींचा पोत बदलला की थोडा परत येतो, आणि त्या प्रतिध्वनीवरून चित्र तयार होतं. अडचण एवढीच, की रक्ताचा प्रतिध्वनी फार क्षीण. गाठ दिसते, पण तिच्यात रक्त कसं खेळतंय ते नीट कळत नाही. आणि गाठ साधी की वाईट, हे बरंचसं त्यावरूनच ठरतं.

सी.टी.मध्ये यासाठी डाय टोचतात. पण आत्याचं क्रिएटिनिन वाढलेलं, किडनी आधीच थकलेली. डॉक्टर म्हणाले, "डाय शक्यतो नको. बुडबुड्यांचं इंजेक्शन देऊनही सोनोग्राफी होते, पण ते आमच्याकडे नाही. नागपूरला चौकशी करा."

बुडबुड्यांचं इंजेक्शन! मी तर घाबरलोच. शिरेत हवा गेली की माणूस जातो, असं आपण सिनेमात बघत आलोय. म्हणून घरी येऊन वाचायला बसलो.

1968 साली अमेरिकेतल्या रॉचेस्टरमध्ये रेमंड ग्रॅमिअक आणि प्रवीण शहा हृदयाची तपासणी करत होते. नळीतून हृदयाजवळ द्रव सोडला, की पडद्यावर अचानक ढग दाटून यायचे. कारण होतं द्रवासोबत आलेले बारीक बुडबुडे. वायू दाबला जातो, पाणी सहसा दाबलं जात नाही. त्यामुळे आवाज बुडबुड्यावर आदळला की तो फुगतो, आकसतो आणि जोरात प्रतिध्वनी देतो.

पण उघडा बुडबुडा टिकत नाही. मग त्याला चरबीचं किंवा प्रथिनाचं पातळ आवरण दिलं. 2001मध्ये युरोपात 'सोनोव्ह्यू' आलं. त्यातले बहुतेक बुडबुडे तांबड्या रक्तपेशीपेक्षाही लहान, म्हणून रक्तवाहिनीत अडकत नाहीत. आतला वायू श्वासावाटे निघून जातो, किडनीवर भार नाही. आत्यासाठी हीच मोलाची गोष्ट होती.

आता पुढची पायरी: नॅनो. हे बुडबुडे रक्तवाहिनीबाहेर जात नाहीत. कॅन्सरच्या गाठीतल्या रक्तवाहिन्या मात्र गळक्या असतात. पुरेसा छोटा कण असेल तर तो फटीतून थेट गाठीत शिरू शकतो. पण बुडबुडा जितका लहान, तितका तो लवकर विरघळतो. मग करायचं काय?

उत्तर निसर्गाकडे आधीपासून होतं. 1895मध्ये जर्मनीत क्लेबान नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने पाण्यावर तरंगणारं शेवाळ बाटलीत काठोकाठ भरलं, बूच लावलं आणि बुचावर हातोडा हाणला. शेवाळ बुडालं! त्याच्या पेशींत वायूच्या सूक्ष्म पोकळ्या होत्या, त्या दाबाने फुटल्या. या पोकळ्यांची भिंत प्रथिनाची, जेमतेम दोन नॅनोमीटर जाड. ती वायू कोंडून ठेवत नाही, फक्त पाण्याला आत येऊ देत नाही. म्हणून ती विरघळत नाही.

2014मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकच्या मिखाइल शापिरो यांच्या गटाने अशा पोकळ्या काढून उंदरांत सोडल्या. सोनोग्राफीत त्या दिसल्या. मग आवाजाचा जोर वाढवून त्या फोडल्या आणि आधीच्या चित्रातून नंतरचं चित्र वजा केलं. उरलं ते फक्त पोकळ्यांचं. क्लेबानचाच हातोडा, फक्त आवाजाचा! 2021मध्ये याच पोकळ्या आवाजाने फोडून गाठीच्या पेशींना इजा करण्याचा प्रयोग झाला. म्हणजे त्याच कणाने बघायचं आणि त्यानेच उपचार करायचा. हेही अजून उंदरांपुरतंच.

आणि आता आपलं वऱ्हाड. शापिरोंनी वापरलेल्या पोकळ्या दोन जिवांच्या होत्या: एक निळं-हिरवं शेवाळ, दुसरा मीठप्रिय सूक्ष्मजीव, हॅलोबॅक्टेरियम. जून 2020 आठवतोय? लोणारचं सरोवर गुलाबी झालं, आपण सगळ्यांनी स्टेटस ठेवले. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाणी तपासून सांगितलं, हा रंग मीठप्रिय हॅलोआर्किया जिवांचा. हॅलोबॅक्टेरियम त्यांच्याच गोतावळ्यातला! लोणारच्या जिवांत या पोकळ्या आहेत असा माझा दावा नाही. पण ज्याला आपण खारं, निरुपयोगी पाणी म्हणतो, तसल्याच पाण्यातल्या एका जिवाने दवाखान्याला नवी वाट दाखवली.

आत्याची तपासणी शेवटी नागपूरला झाली. गाठीत बुडबुडे कडेकडेने शिरले आणि हळूहळू मध्यापर्यंत भरत गेले. डॉक्टर म्हणाले, रक्तवाहिन्यांचा साधा गोळा आहे, कॅन्सर नाही. परतताना बसमध्ये मी तिला ही सगळी गोष्ट सांगितली. लहानपणी मला लोणार तिनेच दाखवलं होतं. ती दचकली, "म्हंजे लोणारचा किडा माह्या पोटात सोडला का?"

"नाही वं आत्या. तुह्या पोटात साधे बुडबुडे होते. त्या किड्याचे अजून उंदराच्याच पोटात हायेत."

तिने पदर सारखा केला आणि मूर्तिजापूर येईस्तोवर शांत झोपली. कितीतरी दिवसांनी.

भेटू पुढच्या भागात.