अंगणातून मैदानात

आज आम्ही शाळेच्या वेळापत्रकातल्या एका तासाबद्दल बोलणार आहोत. पी.टी.चा तास. परीक्षा जवळ आली की हा तास गणिताला नाहीतर इंग्रजीला जातो, आणि आपणही घरी म्हणतो, ‘बरंच झालं, तेवढाच अभ्यास होईल.’ पण हा तास आपल्या मुलींपर्यंत पोचायला किती वर्षं लागली, ते आधी ऐका. मग तो सोडायचा की नाही, ते आपण मिळून ठरवू.

जुन्नर-आंबेगावात खेळाची हौस कधीच कमी नव्हती. गावोगावच्या यात्रा सुरू झाल्या की बैलगाड्यांचा घाट गजबजतो, कुस्त्यांचा आखाडा भरतो. पण घाट पुरुषांचा आणि तालीमही पुरुषांची. बायकांचा खेळ अंगणातला. पंचमीला झिम्मा, फुगडी, पिंगा. हा काही हलका व्यायाम नव्हे. फुगडीला तोल लागतो, दम लागतो, समोरचीच्या हातावर भरवसा लागतो. मात्र तो सणापुरता. सण सरला की पुन्हा हंडा, गुरं आणि चूल.

खो-खो आणि हुतूतू हेही आपल्या मातीतलेच खेळ. पण नियम गावागणिक वेगळे, त्यामुळे दोन गावं एकमेकांशी खेळायला उभी राहिली की आधी भांडण. पुण्यात 1906 साली डेक्कन जिमखाना निघाला आणि तिथल्या मंडळींनी 1914 मध्ये खो-खोचे नियम बांधायला घेतले. हुतूतूचे नियम 1923 साली बडोद्याच्या हिंद विजय जिमखान्याने छापले. पुढे याच हुतूतूला देशभर कबड्डी म्हणू लागले. नियम कागदावर आले, म्हणून एका शाळेचा संघ दुसऱ्या शाळेशी खेळू शकला.

नुसते नियम असून भागत नाही, शिकवणारा माणूसही लागतो. 1937 साली मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. शाळांतल्या शारीरिक शिक्षणाचा विचार करायला सरकारने समिती नेमली. तिचे प्रमुख होते आपल्याच जिल्ह्यातल्या लोणावळ्याच्या कैवल्यधामचे स्वामी कुवलयानंद. पुढच्याच वर्षी कांदिवलीला खेळाचे शिक्षक तयार करणारी सरकारी संस्था सुरू झाली. व्यायाम हाही शिकवायचा विषय आहे आणि त्याला शिकलेला शिक्षक हवा, ही गोष्ट तेव्हा सरकारदरबारी मान्य झाली.

मुलींची पाळी मात्र उशिरा आली. खो-खोचे नियम 1914 चे, पण महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली 1960-61 मध्ये, कोल्हापूरला. म्हणजे जवळजवळ अर्धं शतक गेलं. कबड्डी आशियाई खेळांत 1990 साली आली ती पुरुषांची. महिलांना 2010 पर्यंत थांबावं लागलं, आणि त्याच वर्षी आपल्या मुलींनी सुवर्णपदक आणलं. जानेवारी 2025 मध्ये दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुलींनी अंतिम सामन्यात नेपाळला 78-40 असं हरवलं. कर्णधार होती महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. मुलींच्या अंगात बळ पहिल्यापासून होतं. कमी होतं ते मैदान, वेळ आणि शिकवणारं माणूस.

हे सांघिक खेळ शिकवतात तरी काय? खो-खोच बघा. आठ जणी एकीआड एक तोंड फिरवून बसलेल्या आणि नववी पळणारी. पळणारीला एकटीने सगळं करता येत नाही. दमली की बसलेलीला खो द्यावा लागतो, आणि बसलेलीला त्याच क्षणी उठावं लागतं. वर्गात कधी तोंड न उघडणारी मुलगीही तिथे मोठ्याने ‘खो’ म्हणते. खर्च किती? दोन खांब आणि फक्की. कबड्डीला तर खांबही नकोत. मुलींचं मैदान 12 मीटर लांब आणि 8 मीटर रुंद, बस्स.

आरोग्याचंही ऐका. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दम लागेल अशी हालचाल हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसरीकडे, 2019-21 च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या पंधरा ते एकोणीस वर्षांच्या मुलींपैकी 59 टक्के मुलींना रक्तक्षय आढळला. म्हणून शाळेत आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी चुकवायची नाही. मुलगी लवकर धापा टाकत असेल तर तिला आळशी म्हणू नका, आधी रक्त तपासा. चांगली खेळाची बाई मुलींना पहिल्याच दिवशी मैदानाला दहा फेऱ्या मारायला लावत नाही. आधी चालणं, मग हळू धावणं, मग खेळ, असं बेताबेताने वाढवते.

आता आपल्या भागातली अडचण. सराव शाळा सुटल्यावर ठेवला की मुली गळतात. ऊस उंच वाढलेला, बिबट्याची भीती, शेवटची एस.टी. निघून जाणार, घरी धाकटी भावंडं. आई काळजीने म्हणते, ‘खेळ राहू दे, उजेडी घरी ये.’ तिचं चुकत नाही. पण अशाने खेळ फक्त गावठाणातल्या मुलांचा होतो. मळ्यातली, डिंभ्याच्या वरच्या अंगाची, आदिवासी वाडीवरची मुलगी मागे पडते. म्हणून आम्ही म्हणतो, सराव शाळेच्या वेळेतच व्हायला हवा, आणि त्यासाठी वेळापत्रकातला तो तास जपायला हवा.

येत्या पालक सभेत तीन गोष्टी विचारा. आठवड्यात मुलींचे खेळाचे तास किती, आणि त्यांतले खरोखर किती होतात? मैदान मुलांनी अडवलं तर मुलींनी कुठे खेळायचं? मैदानाजवळ मुलींसाठी पाणी असलेलं स्वच्छतागृह आहे का? पाळीच्या दिवसांत कितीतरी मुली त्याच कारणाने बाजूला बसतात.

तालुक्याच्या स्पर्धा पावसाळ्याच्या आगेमागे सुरू होतात. सगळ्याच मुली जिल्ह्याला जाणार नाहीत आणि पदकही आणणार नाहीत. पण दम टिकवायला, हरून पुन्हा उभं राहायला आणि दुसरीला वेळेवर खो द्यायला प्रत्येकीला शिकता येतं. ते शिकवणारा तास आपल्या मुलींच्या हक्काचा आहे. तो मागायला सभेला एकटीने जाऊ नका, शेजारणीलाही बरोबर घ्या.