हायड्रोजनच्या शेअरची कुळकथा

विल्यम ग्रोव्ह पेशाने वकील, ओढ विज्ञानाची. वेल्समधल्या या माणसाने १८३९ च्या सुमारास प्लॅटिनमच्या पट्ट्या सौम्य गंधकाम्लात उभ्या केल्या, एकीला हायड्रोजन आणि दुसरीला ऑक्सिजन पुरवला, आणि वीज वाहू लागली. फ्युएल सेलच्या कुळाचा हा मूळपुरुष. त्यातून कामाला येईल असा ५ किलोवॅटचा संच केंब्रिजच्या फ्रान्सिस बेकन यांनी दाखवला, तो १९५९ मध्ये. मधे १२० वर्षं गेली. पुढे याच घराण्यातल्या यंत्रांनी अपोलो यानांना वीज दिली आणि अंतराळवीरांना प्यायचं पाणीही. तिथे पैसा सरकारचा होता.

शेअरबाजार या कुळात शिरला तो कॅनडातून. व्हँकुव्हरजवळच्या बॅलार्ड कंपनीने १९९३ मध्ये फ्युएल सेलवर बस चालवून दाखवली. १९९७ मध्ये डाइमलर-बेंझने तिच्यात पैसा घातला. पेट्रोलचे दिवस भरले, असं गुंतवणूकदारांना वाटू लागलं. ऑक्टोबर १९९९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या प्लग पॉवरचा शेअर १५ डॉलरला विक्रीस आला. मार्च २००० मध्ये तो १५० च्या आसपास होता. मग इंटरनेट कंपन्यांबरोबर ही तेजीही कोसळली. २०११ मध्ये दहा शेअरांचा एक केला, तरी २०१३ च्या सुरुवातीला भाव २० सेंटच्या खाली होता. जानेवारी २०२१ मध्ये तो ७० डॉलरच्या वर गेला आणि २०२५ मध्ये पुन्हा एका डॉलरच्या खाली आला.

यंत्र खोटं नव्हतं. ॲमेझॉन आणि वॉलमार्टच्या गोदामांत या कंपनीच्या फ्युएल सेलवर फोर्कलिफ्ट चालतात. पण तोटा भरून काढायला नवे शेअर विकावे लागले की जुन्या भागधारकाचा वाटा आकसत जातो. यंत्र टिकतं, भाबडी गुंतवणूक टिकत नाही.

या कुळाची दुसरी शाखा सुरक्षेची. हायड्रोजनला वास नाही, दिवसाउजेडी त्याची ज्योत जेमतेम दिसते, आणि हवेत ४ ते ७५ टक्के मिसळला तरी तो पेट घेतो. स्वयंपाकाच्या गॅससारखा वास मिसळावा, तर ती गंधकाची संयुगं फ्युएल सेल बिघडवतात. म्हणून गळती ओळखणारे संवेदक लागतात. पॅलेडियम धातू हायड्रोजन शोषून घेतो, हे थॉमस ग्रॅहॅम यांनी १८६६ मध्ये दाखवलं. त्याच गुणावर १९७५ मध्ये स्वीडनमध्ये इंगमार लुंडस्ट्रॉम यांच्या गटाने संवेदक घडवला. या शाखेचं मोल जून २०१९ मध्ये कळलं. ऑस्लोजवळच्या सँडविका इथे हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. कारण, उच्च दाबाच्या टाकीचे बोल्ट नीट आवळलेले नव्हते. तो पंप उभारणाऱ्या नेल कंपनीचा शेअर घसरला. टोयोटा आणि ह्युंदाई यांनी नॉर्वेतली हायड्रोजन गाड्यांची विक्री थांबवली.

१९३७ मध्ये जळालेल्या, हायड्रोजन भरलेल्या हिंडेनबर्ग हवाई जहाजाचं नाव घेतलेल्या संस्थेनेच सप्टेंबर २०२० मध्ये हायड्रोजन ट्रक बनवू पाहणाऱ्या निकोला कंपनीचा दावा उघडा पाडला: चित्रफितीतला ट्रक स्वतःच्या बळावर धावत नव्हता, उतारावरून घरंगळत होता. २०२५ मध्ये निकोलाने दिवाळखोरी जाहीर केली.

पुण्यात २०२२ मध्ये देशी फ्युएल सेलची बस दाखवली गेली, २०२३ मध्ये केंद्राने हरित हायड्रोजनसाठी १९,७४४ कोटींची योजना मंजूर केली. उद्या आपल्याकडेही असे छोटे शेअर तेजीत येतील. तेव्हा भाव पाहण्याआधी दोन प्रश्न विचारावेत: हे यंत्र आज कुणाचं काम करतं? आणि त्याचे बोल्ट कोण तपासतं?