लाल बिंदूची बैठक

पिस्तुलावर लाल बिंदूची साइट बसवायची म्हटली की चर्चा सुरू होते काचेपासून. बिंदू किती ठसठशीत, काच किती मोठी, सेल किती वर्षं चालणार, हे प्रश्न आधी येतात. माझ्या मते विचाराची सुरुवात खालून, म्हणजे साइट आणि स्लाइड (पिस्तुलाचा मागेपुढे सरकणारा वरचा भाग) एकमेकांना टेकतात त्या बैठकीपासून व्हायला हवी. उत्तम काच ढिल्या बैठकीवर बसली तर तिच्या बिंदूवर नेम धरण्यात अर्थ उरत नाही.

मूळ तत्त्व सोपं आहे. एका लहान एलईडीचा प्रकाश किंचित वक्र काचेवर पडतो. काचेवरचा लेप फक्त लाल रंग परतवतो आणि परतलेले किरण समांतर होऊन डोळ्यात शिरतात. त्यामुळे बिंदू लक्ष्यावरच पडल्यासारखा दिसतो, आणि पुढची माशी, मागची खाच व लक्ष्य एका रेषेत आणण्याची कसरत वाचते. अशा साइट 1970 च्या दशकात स्वीडनच्या एमपॉइंट कंपनीने बाजारात आणल्या. कमरेला बाळगायच्या पिस्तुलावर मात्र त्या बऱ्याच उशिरा रुळल्या. अमेरिकेत ट्रिजिकॉन कंपनीची आरएमआर साइट आली, 2015 मध्ये ग्लॉकने कारखान्यातच खाच पाडलेल्या एमओएस स्लाइड काढल्या आणि मग परवानाधारक नागरिक व पोलीस दोघेही तिकडे वळले. आपल्याकडे हा विषय दूरचा वाटतो. नेमबाज राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं ते उघड्या साइटवर, कारण त्या प्रकारात काचेची साइट चालतच नाही.

रायफलीवर साइट स्थिर भागावर बसते. पिस्तुलात ती स्लाइडवर बसते, आणि स्लाइड प्रत्येक गोळीला मागे जाऊन आपटते, पुढे येऊन पुन्हा आपटते. यातलं बळ आकड्यांत पाहू. साइटचं वजन 34 ग्रॅम आणि आपटतानाचं त्वरण गुरुत्वाच्या 2000 पट धरलं, तर तिला जागेवर रोखायला सुमारे 670 न्यूटन बळ लागतं. आता 3 मिलिमीटर व्यासाचे दोन स्क्रू 12 इंच-पाउंड, म्हणजे सुमारे 1.36 न्यूटन-मीटर टॉर्कने आवळले, तर नेहमीच्या सूत्राने प्रत्येकात सव्वादोन हजार न्यूटनच्या आसपास ताण येतो. घर्षणांक 0.15 धरला की दोघांच्या आवळणीतून मिळणारं घर्षण भरतं जेमतेम 680 न्यूटन. हिशेब ढोबळ आहे, पण घर्षणाच्या हाती शिल्लक किती थोडी राहते ते त्यातून दिसतं. टॉर्क निम्मा पडला की घर्षणही निम्मं होतं, आणि उरलेला धक्का स्क्रूंना आडवा कातरतो.

म्हणूनच चांगल्या बैठकीत साइटच्या पोटातल्या खळग्यांत घट्ट बसणाऱ्या खुंट्या असतात, किंवा खाचेची पुढची-मागची भिंत साइटला अंग लावून उभी असते. धक्का त्यांनी झेलावा, स्क्रूंनी फक्त दाबून धरावं. साइट आणि स्लाइडच्या मधे पट्टी घालून साइट बसवली की एकाऐवजी दोन सांधे तयार होतात आणि प्रत्येक सांध्याचा बारीक सैलपणा त्यात मिळतो. त्या विशिष्ट साइटसाठी थेट स्लाइडमध्येच खाच पाडून घेणं मला अधिक भरवशाचं वाटतं. नंतर वेगळ्या बैठकीची साइट घेता येत नाही, ही त्याची किंमत.

स्क्रूची लांबी हा असाच दुर्लक्षित मुद्दा. ग्लॉकच्या स्लाइडमध्ये उजव्या बाजूच्या स्क्रूच्या भोकाखालून एक्स्ट्रॅक्टरला दाब देणाऱ्या दांडीची नळी जाते. स्क्रू थोडा लांब पडला की त्याचं टोक त्या दांडीला अडतं आणि रिकामी पुंगळी नीट बाहेर पडेनाशी होते. माणूस दोष देतो गोळ्यांना. स्क्रू आखूड पडला तर पुरेसे आटे धरत नाहीत. साइटसोबत आलेले स्क्रू डोळे झाकून वापरू नयेत, ते याचसाठी.

काम करताना पिस्तूल रिकामं असल्याची दोनदा खात्री करावी आणि गोळ्या त्या टेबलावर ठेवूच नयेत. आटे ॲसिटोनने पुसून कोरडे करावेत, कारण तेलाचा अंश राहिला तर आटे धरणारा निळा गोंद घट्ट होत नाही. हा गोंद हवा तुटल्यावर धातूच्या सान्निध्यात आळतो. त्याचा एक थेंब पुरतो, जास्तीचा ओघळून नको तिथे शिरतो. लाल गोंद टाळावा, तो सोडवायला लागणारी उष्णता साइटमधल्या इलेक्ट्रॉनिक्सला सोसत नाही. उत्पादकाने दिलेल्या टॉर्कइतकंच आवळावं आणि 24 तास हात लावू नये. नंतर स्क्रूच्या डोक्यावरून शेजारच्या धातूवर रंगाची बारीक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की स्क्रू हलला.

मग नेम जुळवणं. 25 मीटरवर 1 एमओए, म्हणजे कोनाच्या एका अंशाचा साठावा भाग, साधारण 7 मिलिमीटर भरतो, तेव्हा 3.25 एमओएचा बिंदू तिथे सुमारे 24 मिलिमीटर जागा झाकतो. याहून बारीक जुळवणीचा अट्टहास कमरेच्या पिस्तुलाला गरजेचा नाही.

देखभाल थोडी, पण नेमाने लागते. उघड्या एलईडीवर कपड्याचा धागा बसला तरी बिंदू फुटतो किंवा नाहीसा होतो, आणि कमरेला लावलेल्या पिस्तुलावर धागे, घाम, धूळ रोजच येतात. बंदिस्त साइटला हा त्रास नाही, फक्त बाहेरची काच पुसावी लागते. काचेला अमोनियाचं क्लीनर लावू नये, मऊ कापड पुरतं. सेल 50,000 तास चालेल असं खोक्यावर लिहिलेलं असलं तरी तो वर्षातून एकदा ठरलेल्या तारखेला बदलावा. मुलांनी गिळू नये म्हणून काही बटण सेलना कडू लेप असतो. त्याने संपर्क कच्चा राहून बिंदू लुकलुकतो, तेव्हा बिनलेपाचा सेल घ्यावा. सेल खालच्या बाजूने बसणारी साइट असेल तर तो बदलताना ती स्लाइडवरून उतरवावी लागते. गोंद, टॉर्क, रेघ आणि नेम हे सगळं तेव्हा नव्याने करावं लागतं.

एवढं करूनही बिंदू कधीतरी विझणारच, म्हणून काचेतून दिसतील इतक्या उंच साध्या माश्या स्लाइडवर हव्यातच. साइट घ्यायचं ठरवलं असेल तर तिच्याआधी एक चांगला टॉर्क ड्रायव्हर विकत घ्या.