सवलतीत मिळणारी हार्डडिस्क

नाशिक रोडला लग्नाच्या फोटोंचं ठरवायला फोटोग्राफरकडे गेलात की सगळी घासाघीस झाल्यावर शेवटी एक वाक्य हमखास येतं : “हार्डडिस्क तेवढी तुम्ही आणून द्या, दादा. एक टीबीची बघा.” पूर्वी अल्बम मिळायचा, मग सीडी मिळायची, आता रिकामं भांडं आपणच न्यायचं. मग नवरीचा मामा मोबाइलवर सेल धुंडाळतो, नवरदेवाचा भाऊ बिटको चौकाकडे चक्कर टाकून भाव काढून येतो. दोघांच्या आकड्यांत दोन-तीनशेचा फरक निघतो आणि त्यावर घरात चर्चासत्र भरतं.

दोघांच्याही बोलण्यात एक तिसरा आकडा असतो : खोक्यावरची छापील किंमत. ती कोणीच देत नाही. कायद्याने ती सर्व करांसह छापावी लागते. दुकानदाराला तिच्या वर जाता येत नाही, खाली कितीही येता येतं. म्हणून कंपन्या ती ऐसपैस छापतात आणि ‘निम्म्या किमतीत’ म्हणायची सोय होते. १९२५ पासून मुद्रांक आणि १९२८ पासून नोटा छापणाऱ्या या गावात, जिथे कागदावर छापलेला आकडा हीच त्या कागदाची किंमत, तिथे असा आकडा चालावा ही गंमतच. पण खरी सवलत त्या खोक्यावर नाहीच. ती या वस्तूच्या वंशातच आहे.

मूळपुरुष १९५६ चा. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे इथल्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली तो घडला. रॅमॅक संगणकाचं हे कपाट वजनाला सुमारे एक टन. आत दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक फिरत आणि एक हात वरखाली जाऊन हवी ती तबकडी गाठत असे. तबकड्यांवरचा चुंबकीय लेप म्हणजे लोहभस्माचा लाल-तपकिरी रंगच. तो बायकांच्या पायमोज्यातून गाळायचा, कागदी कपात भरायचा आणि फिरत्या तबकडीच्या मध्याजवळ ओतायचा. गरगरण्याने तो आपोआप कडेपर्यंत सारखा पसरे. एवढ्या खटाटोपात मावत ती ५० लाख अक्षरं, म्हणजे आजच्या एका बऱ्या फोटोएवढा ऐवज. अख्ख्या संगणकाचं भाडं महिन्याला ३,२०० डॉलर.

पुढे डिस्क आक्रसत गेली. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंचांची, ५ एमबीची डिस्क काढली आणि ती टेबलावरच्या संगणकात बसण्याजोगी झाली. पण तेव्हाच्या बहुतेक घरगुती संगणकांत डिस्कसाठी जागाच सोडलेली नसे. १९८१ च्या पहिल्या आयबीएम पीसीतही हार्डडिस्क नव्हती. म्हणून ती बाहेर, वेगळ्या डब्यात आली. त्याच वर्षी अॅपलने ‘प्रोफाइल’ नावाचा असा डबा विकायला काढला : ५ एमबी, ३,४९९ डॉलर. आजची एक टीबी भरायला असे दोन लाख डबे लागले असते. बाहेरची डिस्क हा आज जोडधंदा वाटतो, पण तिचा जन्म आत जागा नव्हती म्हणून झाला.

हे डबे वीज वेगळी मागत, संगणकात वेगळं कार्ड मागत, आणि जोडायला जाणता माणूस मागत. ही कटकट यूएसबीने मिटवली. १९९६ मध्ये आलेल्या या जोडणीच्या मागे इंटेलमधले अजय भट्ट होते, शिक्षण बडोद्याचं. पहिली यूएसबी मात्र इतकी संथ की एक टीबी भरायला आठवडा लोटला असता. २००० साली यूएसबी २ आली आणि ते काम तासांवर आलं. शिवाय त्याच वायरीतून थोडी वीजही मिळे. लॅपटॉपची अडीच इंची डिस्क तेवढ्यावर जेमतेम फिरायची. काहींना ती पुरत नसे, म्हणून दोन तोंडांची वायर यायची आणि दोन्ही टोकं संगणकात खुपसावी लागायची. आज खिशात मावते ती बाहेरची डिस्क म्हणजे ही लॅपटॉपचीच डिस्क, प्लॅस्टिकचा अंगरखा घातलेली.

ऑनलाइन सेल येण्याआधी नाशिक रोडकराची सवलत रेल्वेने यायची. सकाळची पंचवटी पकडायची (ही गाडी १ नोव्हेंबर १९७५ पासूनची), दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड, तिथून संगणकाच्या पार्टचा बाजार, लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण पार्ट घ्यायला जाणारा त्याला लॅमिंग्टनच म्हणतो. भाव कमी, बिल मागितलं की जरा जास्त. संध्याकाळच्या पंचवटीने परत. पासवाला असेल तर प्रवास फुकटात पडायचा, नसेल तर वाचलेल्या पैशांतले बरेचसे तिकिटात आणि वडापावात जायचे. तरी लोक जायचे, कारण चार दुकानं फिरून आणलेल्या वस्तूला घरात मान असतो.

या सगळ्या उतरत्या किमतीत एकदा मोठा खंड पडला. २०११ मध्ये थायलंडमध्ये पूर आला, ऑक्टोबरात बँकॉकजवळचे कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर डिस्क भडकल्या. अमेरिकेतल्या बॅकब्लेझ या बॅकअप कंपनीने तेव्हा नामी उपाय काढला. सुट्या डिस्कचे भाव चढले होते, पण दुकानांत मांडलेल्या बाहेरच्या डिस्क तुलनेने स्वस्त होत्या, आणि आत माल तोच. एका गिऱ्हाइकाला दोनच मिळायच्या, म्हणून कंपनीने कर्मचारी, मित्र, नातेवाईक सगळ्यांना रांगेत धाडलं. खोकी फोडली, डिस्क काढल्या, सर्व्हरमध्ये बसवल्या. ही युक्ती आजही चालते, पण सगळ्याच डब्यांवर नाही : खिशातल्या कित्येक डिस्कमध्ये यूएसबीचं तोंड थेट आतल्या पाटीवरच डाग देऊन बसवलेलं असतं. फोडून हाती काहीच लागत नाही.

आता स्वस्त का, याचं सरळ उत्तर. २०१३ च्या सुमारास तबकडीवरचे पट्टे एकमेकांवर थोडे चढवून लिहायची पद्धत बाजारात आली. घरावरच्या कौलांसारखं : तेवढ्याच जागेत जास्त ओळी बसतात, पण मधली एक ओळ बदलायची तर पुढच्याही उचलून पुन्हा लावाव्या लागतात. म्हणून अशी सवलतीतली डिस्क सुरुवातीला भराभर घेते आणि बरंच लिहून झाल्यावर रेंगाळू लागते. ती बिघडलेली नसते. लग्नाचे फोटो एकदा टाकून ठेवायला ती उत्तम. तिच्यावरच रोज व्हिडिओ एडिट करायला बसू नये. एक टीबीच्या जागी ९३१ जीबी दिसतात म्हणूनही दुकानदाराशी भांडू नका. कंपनी हजाराने मोजते, विंडोज १०२४ ने.

भांडायचं ते दुसऱ्या गोष्टीवर. फिरत्या तबकडीची डिस्क जगात आता तीनच कंपन्या बनवतात : सीगेट, वेस्टर्न डिजिटल आणि तोशिबा. खोक्यावर नाव कुणाचंही असो, आत यांच्यापैकीच कोणीतरी. त्यामुळे अनोळखी नावाची ‘१६ टीबी’ दोनेक हजारांत दिसली तर ती घेऊ नका. अशा डब्यांत मेमरी कार्ड चिकटवलेलं निघतं आणि खोटा आकडा दाखवायची व्यवस्था केलेली असते. पक्कं बिल घ्या, कारण वॉरंटी त्यावरच मिळते. मात्र वॉरंटीत डिस्क बदलून मिळते, आतले फोटो नाही. तेव्हा सेलमध्ये एकाच मोठ्या डिस्कवर पैसे घालण्यापेक्षा लहान दोन घ्या, दोन्हींत तेच भरा, आणि एक मामाच्या घरी ठेवा.