विमान जॅकवर घेताना
पायपर चेरोकी अ‍ॅरो हे उडताना चाके आत घेणारे, एका इंजिनाचे छोटे अमेरिकी विमान. चाकांची ही उघडझाप तपासण्यासाठी ते अधांतरी उचलावे लागते. काम बंद हँगरमध्येच करतात, कारण जॅकवरील विमानाला वाऱ्याचा झोतही पुरतो. दोन्ही पंखांखाली ठरलेल्या जागी जॅक लावून ते सारखेच वर नेतात. दट्ट्यावरचे सुरक्षा-कडे सोबत फिरवीत आणल्यास तेलाचा दाब गेला तरी पंख खचत नाही. खरी मेख शेपटीत आहे. इंजिनामुळे नाक जड. म्हणून शेपटीला टेकू जोडून त्याच्या तळावर सुमारे २५० पौंड, म्हणजे ११३ किलो वजन ठेवावयाचे असते. ते कमी पडून विमान कलंडले, तर पुढचे चाक आत असल्याने प्रोपेलरच फरशीवर आदळतो.