टाकी कुठे भरायची?

नगर-मनमाड रस्त्यावरच्या एका ढाब्यावर चहा घेत बसलो होतो. 2022 सालचा मे महिना संपत आला होता. शेजारच्या बाजेवर एक ट्रकचालक विसावला होता. माल सुरतचा, जायचं सोलापूरला. बोलता बोलता मी विचारलं, ‘‘डिझेल कुठे टाकता?’’ तो हसला. म्हणाला, ‘‘साहेब, सुरत सोडताना टाकी फुल्ल करतो. सोलापूर करून परत सापुतारा ओलांडेपर्यंत पुरते. तुमच्या महाराष्ट्रात फक्त चहा प्यायचा.’’

त्या आठवड्यात मुंबईत पेट्रोल 111 रुपये 35 पैसे लिटर होतं आणि अहमदाबादला 96 रुपयांच्या आसपास. डिझेलमध्ये फरक पाचेक रुपयांचा. चारशे लिटरच्या टाकीला पाच रुपये म्हणजे दोन हजार. एका फेरीत ड्रायव्हर-क्लीनरचा भत्ता सुटला. कच्चं तेल एकाच समुद्रातून येतं, रुपया एकच आहे, मग सापुताऱ्याचा घाट उतरला की भाव का बदलतो? उत्तर सगळ्यांना माहीत आहे. राज्याचा कर. पण हा कर राज्याच्या हाती आला कधी आणि कोणामुळे, हे मात्र फारसं कोणी सांगत नाही. मी ते शोधायला गेलो आणि एका ओळखीच्या नावाशी जाऊन थांबलो.

आपल्याकडे पेट्रोलवर पहिला ठळक कर बसला तो 1917 साली. पहिलं महायुद्ध चालू होतं, तेल सैन्याला हवं होतं. सरकारी भाषेत पेट्रोलला ‘मोटर स्पिरिट’ म्हणतात. त्यावर गॅलनला 6 आणे शुल्क बसवण्यात आलं, हेतू हा की लोकांनी मोटारी कमी फिरवाव्यात. युद्ध संपलं, शुल्क राहिलं. पुढे ते कमी होऊन 4 आण्यांवर आलं. मोटारवाले तेव्हा होतेच किती? संस्थानिक, साहेबलोक, काही डॉक्टर-वकील आणि गावोगाव सर्व्हिस मोटारी चालवणारे.

मग 1927 साली सरकारने रस्त्यांचा विचार करायला एक समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. नगरच्या कॉलेजांतून शिकलेल्या आमच्या पिढीला हे नाव वेगळ्या कारणाने पाठ आहे. जयकर पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. विद्यापीठातलं जयकर ग्रंथालय त्यांच्याच नावाचं. त्या ग्रंथालयात मी उमेदीची काही वर्षं काढली, पण पेट्रोलचा भाव वाढवण्याची शिफारस याच गृहस्थांनी केली होती हे तिथे बसून मला कधी कळलं नाही!

जयकर समितीचं म्हणणं सरळ होतं. मोटारींमुळे रस्ते झिजतात, ते दुरुस्त करण्याची ऐपत लोकल बोर्डांत नाही. तेव्हा जो रस्ता वापरतो त्याने पैसे द्यावेत. पेट्रोलवर गॅलनमागे 2 आणे जादा घ्या आणि ते दोन आणे वेगळे ठेवून फक्त रस्त्यांवर खर्च करा. 1929 साली शुल्क 4 आण्यांवरून 6 आणे झालं आणि त्यातून रस्ते निधी उभा राहिला. मला हा विचार आजही पटतो. कर द्यायला माणूस फार कुरकुरत नाही, तो कुठे गेला हे दिसत नसलं की कुरकुरतो.

इथपर्यंत कर एकट्या केंद्राचा होता. नागपूरला आणि कराचीला पेट्रोलवरचं सरकारी ओझं सारखंच. मग 1935 चा कायदा आला, प्रांतांना स्वायत्तता मिळाली, 1937 मध्ये लोकांनी निवडलेली मंत्रिमंडळं आली. नव्या मंत्रिमंडळांना शाळा काढायच्या होत्या, दवाखाने काढायचे होते; तिजोरीत मात्र खडखडाट. 1938 साली मध्यप्रांत-वऱ्हाडच्या सरकारने, म्हणजे आपल्या नागपूरच्या सरकारने, एक कायदा केला: पेट्रोल आणि वंगण तेलाच्या किरकोळ विक्रीवर किमतीच्या 5 टक्के कर.

दिल्ली चमकली. पेट्रोलवरचं उत्पादन शुल्क केंद्राचं, मग प्रांताने त्याच पेट्रोलवर दुसरा कर कसा घ्यायचा? प्रकरण नव्यानेच स्थापन झालेल्या फेडरल कोर्टापुढे मत मागण्यासाठी गेलं. न्यायमूर्ती तीन. सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर, सर शाह सुलेमान आणि तिसरे आपले मुकुंदराव जयकर!

डिसेंबर 1938 मध्ये तिघांनीही प्रांताच्या बाजूने मत दिलं. उत्पादन शुल्क हे माल तयार करण्यावर असतं, ते केंद्राने घ्यावं. विक्रीवरचा कर ही वेगळी गोष्ट, तो प्रांताचा. एकाच डब्यातल्या तेलावर दोघांनी कर घेतला म्हणून कायदा मोडत नाही. बस्स. या मतानंतर एकेक प्रांत त्या वाटेने गेला. स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेतही विक्रीकर राज्यांकडेच राहिला. प्रत्येक राज्याचा दर वेगळा आणि म्हणून प्रत्येक हद्दीवर भाव वेगळा. सापुताऱ्याच्या घाटात ट्रकवाल्याला तेव्हा जे दोन हजार सुटत होते त्यांची मुळं नागपूरच्या त्या 5 टक्क्यांत आहेत.

भाव वेगळा झाला की माणूस हद्दीकडे चालू लागतो. 2012 च्या एप्रिलमध्ये मनोहर पर्रीकरांच्या सरकारने गोव्यात पेट्रोलवरचा व्हॅट 20 टक्क्यांवरून 0.1 टक्क्यावर आणला. लिटरमागे 11 रुपये उतरले. सावंतवाडी-दोडामार्गच्या दुचाक्या पंपासाठी पत्रादेवी ओलांडू लागल्या. कोल्हापूरकर कागलच्या पुढे निपाणीला भरतात, तलासरीचा माणूस गुजरातेत. हद्दीवरच्या माणसाला हे नवीन नाही.

आणि आम्ही नगरकर? नकाशा उघडून बघा. नाशिक, औरंगाबाद (आताचं छत्रपती संभाजीनगर), बीड, धाराशिव, सोलापूर, पुणे, ठाणे, चहूबाजूंनी महाराष्ट्रच. नगर शहरातून परराज्याची हद्द गाठायची तर रस्त्याने दोनशे किलोमीटरहून जास्त जावं लागतं. चार रुपये वाचवायला दोनशे किलोमीटर कोण जाईल? शिर्डीला येणाऱ्या गुजरातच्या गाड्या आमच्या पंपासमोरून निवांत निघून जातात, आम्ही बघत बसतो.

पण नगर नेहमीच असं मधोमध नव्हतं. 1948 पर्यंत हा सरहद्दीचा जिल्हा होता. गोदावरीच्या अलीकडे इंग्रजांचा मुलूख, पलीकडे निजामाचा. आमच्याकडची म्हातारी माणसं त्याला ‘मोगलाई’ म्हणायची. जामखेडकडे तर दोन्ही मुलखांची गावं अशी मिसळलेली की शेजारच्या गावी जायचं तरी राज्य बदलायचं. निजामाची स्वतःची जकात होती, तिला करोडगिरी म्हणत. माझ्या आजीचं माहेर प्रवरासंगमच्या बाजूचं. नदीपलीकडे लेक दिली की लग्नाचा बस्ता नाक्यावर दाखवायचा आणि त्यावर करोडगिरी भरायची. म्हणून वऱ्हाडातल्या बायका दोन-दोन, तीन-तीन लुगडी एकावर एक नेसून नाव ओलांडायच्या. वैशाखात! आजी हे सांगताना पदराने वारा घ्यायची, जणू अजून उकडतंय. अंगावरच्या लुगड्याला जकात नव्हती, ट्रंकेतल्याला होती. ट्रकवाल्याच्या टाकीचंही तेच आहे. विकायला नेलेल्या टँकरची चौकशी होते, गाडीच्या टाकीत बसून आलेलं डिझेल कोणी विचारत नाही.

हैदराबाद भारतात विलीन झालं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, करोडगिरी गेली आणि नगरची सरहद्दही गेली. त्यानंतर स्वस्त इंधन शोधणाऱ्याला इथे हद्द ओलांडायची सोय उरली नाही. त्याने दुसरी हद्द शोधली, आणि ती रेशनच्या दुकानात होती.

गरिबाच्या चुलीसाठी, दिव्यासाठी सरकार रॉकेल स्वस्त देत होतं. ते निळं असायचं, ओळखू यावं म्हणून. 2011 च्या सुमाराला रेशनचं रॉकेल डिझेलच्या जवळपास एक तृतीयांश भावात होतं. एकीकडे कर लावून महाग केलेलं डिझेल, दुसरीकडे पैसे घालून स्वस्त केलेलं रॉकेल. आणि रॉकेल डिझेलमध्ये बेमालूम मिसळतं. म्हातारीच्या कार्डावरचं रॉकेल ‘आलं नाही’ म्हणून दुकानदार सांगायचा आणि तेच कुठेतरी टँकरमध्ये पडायचं. आम्ही वाहनवाले काय करत होतो? गाडी धूर टाकते, इंजिन ठोकतं, अशी तक्रार गॅरेजवाल्याकडे करत होतो. आणि एखाद्या पंपाच्या मागे दोन रुपये कमी पडतात असं कळलं, तर का कमी पडतात हे विचारत नव्हतो. मीही विचारलं नाही. माझ्या जुन्या डिझेल जीपमध्ये मी असं तेल दोन-तीनदा घातलं आहे, हे कबूल करायला हवं.

25 जानेवारी 2011. मनमाडजवळ पानेवाडी परिसरात, तेल कंपन्यांचे डेपो आहेत तिथे, मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांनी भेसळीचा प्रकार पाहिला आणि ते गाडीतून उतरले. त्यांना तिथेच, भर दिवसा, पेटवून देण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. नगरहून मनमाडला जाणाऱ्या रस्त्याने आम्ही शेकडो वेळा गेलेलो. त्या आधी 2005 साली उत्तर प्रदेशात लखीमपूर खेरीला तेल कंपनीचा एक तरुण अधिकारी, एस. मंजुनाथ, असाच भेसळ पकडायला गेला आणि मारला गेला. आम्ही ती बातमी लांबची म्हणून वाचली होती. सोनवण्यांची लांबची नव्हती. त्यानंतर पंपामागचं तेल मी घेतलं नाही. 2016 पासून रॉकेलचे भाव थोडे थोडे वाढवत नेले तसा या धंद्यातला नफा आटत गेला.

आता थोडं हलकं. स्वस्त डिझेल शोधत फिरण्याची वेळ फक्त ट्रकवाल्यावर आली नाही, खुद्द एसटीवर आली. एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी धावली ती आपल्या नगर-पुणे मार्गावर, हे नगरकर पाहुण्याला पहिल्या भेटीतच ऐकवतो. त्याच एसटीला जानेवारी 2013 मध्ये घाऊक डिझेल लिटरमागे जवळजवळ 10 रुपयांनी महाग झालं. केंद्राने ठरवलं की घाऊक ग्राहकाला सवलत नको, किरकोळ ग्राहकाला राहू द्यावी. म्हणजे आगारातल्या स्वतःच्या पंपावर हजारो लिटर एकदम घेतलं तर महाग, आणि चौकातल्या पंपावर रांगेत उभं राहून घेतलं तर स्वस्त. मग काय, लाल गाड्या साध्या पंपांवर रिक्षा-ट्रॅक्टरच्या मागे उभ्या राहिल्या. 2022 च्या मार्चमध्ये पुन्हा घाऊक डिझेल लिटरला 25 रुपयांच्या आसपास वाढलं, आणि राज्याराज्यांच्या परिवहन मंडळांवर पुन्हा तीच पाळी आली.

जयकरांचे दोन आणे रस्त्यासाठी होते. नंतरच्या काळात पेट्रोलवर कशाकशासाठी हात टाकला गेला ते पाहण्यासारखं आहे. ऑक्टोबर 2015 मध्ये महाराष्ट्राने दुष्काळासाठी म्हणून पेट्रोल-डिझेलवर लिटरला 2 रुपये अधिभार लावला. पारनेर-पाथर्डीला पाण्याचे टँकर चालू होते. त्या टँकरच्या डिझेललाही दुष्काळाचा अधिभार! एप्रिल 2017 मध्ये महामार्गालगतची दारूची दुकानं न्यायालयाच्या आदेशाने बंद झाली, महसूल बुडाला, आणि पेट्रोलवरचा अधिभार 3 रुपयांनी वाढला. जो कधी प्यायला नाही त्यानेही पंपावर दारूची तूट भरून दिली. यात एक गंमत आहे. जीएसटीसाठी 2016 साली घटना दुरुस्त झाली तेव्हा राज्यांच्या यादीतल्या 54 व्या नोंदीत विक्रीकरासाठी मोजक्याच वस्तू ठेवल्या. कच्चं तेल, डिझेल, मोटर स्पिरिट, नैसर्गिक वायू, विमानाचं इंधन आणि पिण्याची दारू. पेट्रोल आणि दारू एकाच ओळीत. राज्याच्या तिजोरीला हातात उरलेली ही शेवटची मोठी कुलपं आहेत, ती कोणतं सरकार सहजी सोडेल? सप्टेंबर 2021 मध्ये लखनौला जीएसटी परिषदेत पेट्रोलचा विषय निघाला आणि वेळ आलेली नाही म्हणून तसाच मिटला.

मी राज्याला सरसकट दोष देणार नाही. केंद्रानेही 2020 च्या मार्च आणि मे मध्ये मिळून पेट्रोलवर 13 रुपये उत्पादन शुल्क वाढवलं, जगात तेल मातीमोल झालं होतं तेव्हा. नोव्हेंबर 2021 आणि मे 2022 मध्ये मिळून 13 रुपये उतरवले. महाराष्ट्राने जुलै 2022 मध्ये पेट्रोलचे 5 आणि डिझेलचे 3 रुपये कमी केले.

जून 2024 च्या अर्थसंकल्पात मुंबई, ठाणे, नवी मुंबईचा जादा दर काढून तो उर्वरित महाराष्ट्राच्या बरोबरीला आणला. तिथलं पेट्रोल थोडं उतरलं. आम्ही उर्वरित महाराष्ट्रातच होतो, आम्हाला काही फरक पडला नाही.

ढाब्यावरचा तो ट्रकवाला उठताना मला विचारत होता, ‘‘साहेब, तुम्ही कुठे भरता?’’ मी म्हटलं, घराजवळच्या पंपावर. त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि चहाचे पैसे माझेही देऊन गेला.