मोल्सवर्थसाहेब, माळवद आणि 'मी जेवायलो'



नेटवर टाइमपास करण्यात आपली अख्खी पिढी वाकबगार आहे, आणि मी काही मागे नाही. पण माझा सगळ्यात आवडता टाइमपास कुठला, असं कुणी विचारलं आणि मी खरं उत्तर दिलं, की समोरचा हसतो. कारण तो आहे एक शब्दकोश. तोही १८५७ सालचा! गेली दोन-तीन वर्षं दुपारच्या चहाच्या वेळी मोबाइलवर एक शब्द उघडायचा आणि त्याच्या आजूबाजूचे आठ-दहा शब्द फुकटात वाचायचे, असा नेम आहे. कधी खुदकन हसू येतं, तर कधी दिवसभर डोक्यात भुंगा लागतो.

हा कोश म्हणजे मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश. नाव ऐकलं असेल, निदान कुणाच्या तरी कपाटात तो जाडजूड ठोकळा पाहिला असेल. पण त्यामागची गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, म्हणून आधी ती सांगतो.

जेम्स थॉमस मोल्सवर्थ हा १७९५ साली जन्मलेला इंग्रज. ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत भरती होऊन १८१२ साली इकडे आला. म्हणजे आपण ज्या वयात बारावीच्या क्लासला रट्टा मारत होतो, त्या वयात हा गडी बोटीतून उतरला आणि पुढे मराठी शिकला. १८१८ साली पेशवाई बुडाली. कंपनी सरकारच्या हातात एवढा मोठा मराठी मुलूख आला, आणि राज्य करायचं तर लोक काय बोलतात ते कळायला हवं. त्याच सुमारास सोलापूरच्या मुक्कामात मोल्सवर्थने शब्द जमवायला सुरुवात केली. सरकारकडे मदत मागितली तर आधी नकार मिळाला (प्रपोजल रिजेक्ट!). शेवटी १८२५ साली सरकारने मनावर घेतलं आणि मुंबईत टीम बसवली. मोल्सवर्थ, त्याच्या जोडीला थॉमस आणि जॉर्ज कँडी हे जुळे भाऊ, आणि बरोबर मराठी शास्त्रीपंडित.

आता खरं काम कुणी केलं असेल ते तुम्ही ओळखलंच असेल. जगन्नाथशास्त्री क्रमवंत आणि त्यांच्या बरोबरीच्या पंडितांचा 'महाराष्ट्र भाषेचा कोश' १८२९ साली बाहेर पडला. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश त्यानंतर १८३१ साली आला. त्यात सुमारे चाळीस हजार शब्द होते. कव्हरवर नाव साहेबाचं राहिलं. क्लायंटला डेमो कोण देतो आणि रात्री जागून कोड कोण लिहितो, हा प्रश्न आपल्या धंद्यात काही नवा नाही. पण साहेबही नुसता सही करणारा नव्हता. इंग्रजी-मराठी कोशाचं काम सुरू असताना तब्येत ढासळली, म्हणून तो १८३६ साली मायदेशी परतला. ते काम थॉमस कँडीने पुढे नेऊन १८४७ साली पुरं केलं. मराठीत स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह रुजवण्याचं बरंचसं श्रेय याच कँडीचं. म्हणजे मी लेखात उधळलेली सगळी उद्गारचिन्हं त्याच्या खात्यात टाका :-)

१८५१ साली सरकारने बोलावलं म्हणून मोल्सवर्थ पुन्हा इकडे आला आणि सगळा कोश नव्याने तपासला. दुसरी आवृत्ती छापून झाली ती नेमकी १८५७ साली. तिकडे उत्तरेत बंडाचा वणवा पेटलेला, आणि इकडे मुंबईच्या छापखान्यात साठ हजार मराठी शब्दांचे खिळे जुळवून पानं निघत होती. १८६३ साली बाबा पदमनजींनी त्याचा संक्षेप केला. शंभरेक वर्षांनी, १९७५ साली, पुण्यात कोशाचं पुनर्मुद्रण झालं. आणि मग शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश नेटवर चढवायचा प्रकल्प घेतला, अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या पैशातून. त्यात मोल्सवर्थ आला, दाते-कर्व्यांचा 'महाराष्ट्र शब्दकोश' आला, तुळपुळे आणि फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोशही आला. सगळं टाइप केलेलं, सर्च करता येणारं, आणि फुकट.

सर्च करताना मात्र एक गंमत आहे. कोशातलं लेखन जुनं आहे. 'घोंगडे' नेमकं शोधायचं तर 'घोंगडें' असं डोक्यावर टिंब देऊन टाइप करावं लागतं. उच्चारात नसलेले हे अनुस्वार १९६२ सालच्या शुद्धलेखनाच्या नियमांनी काढून टाकले. म्हणजे कोशातल्या एका पिढीचं 'शुद्ध' पुढच्या पिढीच्या वहीत 'अशुद्ध' ठरलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता गंमत. आमच्या ऑफिसातला प्रत्येक माणूस आणि प्रत्येक प्रसंग या कोशात आधीच हजर आहे. दोन तासांची मीटिंग होऊन काहीच ठरलं नाही? काथ्याकूट. काथ्या म्हणजे नारळाच्या सोडणाचे धागे, ते कुटत बसायचं. गेल्या वर्षीपासून कुणीच हात न लावलेला बग? भिजत घोंगडं. घोंगडं एकदा भिजलं की इतकं जड होतं की उचलायला नको वाटतं. चहाचं बिल आलं की फोनवर बोलत बाहेर जाणारा? कवडीचुंबक. सगळ्या विषयांवर मत देणारा आणि काहीच न येणारा? अरण्यपंडित. आणि ज्या दिवशी 'वर्क फ्रॉम होम'साठी 'घरकोंबडा' हा शब्द सापडला, त्या दिवशी तर मी एकटाच मोठ्याने हसलो. आमच्या टीमच्या ग्रुपचं नाव आता तेच आहे.

एवढ्यावर थांबलो असतो तर हा लेख लिहिलाच नसता. झालं असं, की शब्द चाळता चाळता एकदा 'माळवद' समोर आला.

मी अर्धापूरचा. नांदेडहून हिंगोलीकडे जाताना लागतं ते. केळीसाठी आमचं गाव सगळीकडे माहीत आहे. गावातली जुनी घरं माळवदाची, म्हणजे लाकडी तुळयांवर मातीचं सपाट छत. आजी अजून म्हणते, "माळवदावर वाळवण घातलंय, बघ जरा." पुण्यात मी हा शब्द पहिल्यांदा वापरला तेव्हा रूममेटला वाटलं, मी भाजीबद्दल बोलतोय. आणि इथे साहेबाने त्याची नोंद करून ठेवलेली. मग मी आजीचे शब्द एकेक करून शोधायला लागलो. ढाळज, म्हणजे वाड्याच्या दारातली बसायची जागा. मूळ फारसी 'दहलीज'. उतरंड, म्हणजे एकावर एक रचलेली मडकी. कणगी, बखळ, शिंकं... एकेक सापडत गेलं.

तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. शहरातल्या मराठीत म्हणी उरल्यात, वस्तू गेल्यात. 'इंजिनिअरिंग कॉलेजांचं पेव फुटलं' असं पेपरात सर्रास छापून येतं. किती जणांनी पेव पाहिलंय? पेव म्हणजे जमिनीत खणलेलं धान्याचं कोठार. ते फुटलं की आतलं धान्य भसाभसा बाहेर येणार, म्हणून तो वाक्प्रचार. 'शिंकं तुटलं आणि बोक्याचं फावलं' हे ऑफिसात कुणीतरी महिन्यातून एकदा म्हणतंच. शिंकं म्हणजे दुधा-दह्याची भांडी मांजरापासून वाचवायला आढ्याला टांगतात ती जाळी. ती मी आजीच्या घरी रोज पाहत होतो. ज्या भाषेत मी बोललो की लोक 'गावाकडचा' म्हणतात, तिचंच उधार भांडवल सगळे वापरतायत.

आणि हसण्याचं म्हणाल, तर सगळ्यात जास्त हसू येतं माझ्या 'जेवायलो'वर. फोनवर "मी जेवायलो, नंतर बोलतो" म्हटलं की पलीकडच्या डेस्कवरून नक्कल होते. आमच्याकडे 'तो करतोय' ऐवजी 'तो करायलाय' म्हणतात. लातूरकडे जा, तर 'करूलालो'. आता इंजिनिअरसारखा विचार करा. 'करतोय' म्हणजे काय? 'करतो आहे' हे दोन शब्द घाईत बोलून एक झाले. 'करूलालो'त 'करू लागलो' तसंच सहज ऐकू येतं. दोन्हीकडे एकच आळस, एकच शॉर्टकट. त्यातला एक पुस्तकात बसला आणि दुसऱ्यावर हशा पिकतो.

हे 'जेवायलो' मात्र कोशात शोधून मिळत नाही. एक तर कोश शब्द ठेवतो, क्रियापदाची असली रूपं नाही. पण दुसरं कारण इतिहासात आहे. मोल्सवर्थच्या हाताखालचे पंडित मुख्यतः कोकणातले आणि देशावरचे होते, आणि काम होतं कंपनी सरकारच्या मुलखासाठी. आमचं नांदेड तेव्हा निजामाच्या राज्यात. तिथे सरकारी भाषा आधी फारसी आणि १८८४ पासून उर्दू. १९१८ साली हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ सुरू झालं, तेही उर्दू माध्यमाचं. आमच्या पणजोबांच्या जमिनीचे कागद उर्दूत आहेत, घरात आज कुणालाच वाचता येत नाहीत. १७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं, १९५६ साली मराठवाडा मुंबई राज्याला जोडला गेला, आणि मग १९६० साली महाराष्ट्र. म्हणजे पुण्या-मुंबईत कोश, व्याकरणं आणि शाळेची पुस्तकं तयार होत होती, त्या सव्वाशे वर्षांत आमची मराठी कचेरीच्या बाहेर, शेतात आणि चुलीपाशी जगत होती. ती टिकली हेच खूप. तिला 'अशुद्ध' म्हणणाऱ्याने आधी ही तारीखवार यादी वाचावी एवढंच माझं म्हणणं.

पण या कोशाच्या नादात नुसतं हसू आणि अभिमानच हाती लागतो असं नाही. एकदा 'बलुतें' उघडलं. ही नोंद लांबलचक आहे. गावच्या बारा बलुतेदारांचे तीन वर्ग दिलेत. थोरली कास म्हणजे सुतार, लोहार, महार, मांग. मधली कास कुंभार, चांभार, परीट, न्हावी. धाकटी कास भट, मुलाणा, गुरव, कोळी. कास म्हणजे गाईची ओटी. गावचं पीक ही गाय, आणि ती कुणी किती प्यायची याच्या या पायऱ्या. पहिल्यांदा वाचताना वाटलं, वा, काय नेटका डेटाबेस आहे! मग परत वाचलं. महार-मांगांच्या कामाची गरज गावाला पहिल्या रांगेतली होती, हे त्या नोंदीत स्पष्ट आहे. त्याच गावाने त्यांना पाण्याच्या आडाजवळ फिरकू दिलं नाही, हे वाचायला दुसरीकडे जावं लागतं. मी दया पवारांचं 'बलुतं' (१९७८) त्या आठवड्यात वाचायला घेतलं. शब्द तोच, पण कोशातल्या ओळींवर ज्यांची नावं होती त्यांच्यातल्या एकाने स्वतः लिहिलेला. आजीच्या सगळ्याच शब्दांचं कौतुक करता येत नाही, हे तेव्हा समजलं. माळवद कुणाचं होतं आणि वेशीबाहेर झोपडी कुणाची, हेही त्यांच्यात भरलेलं आहे.

असो. फार गंभीर झालो.

तर सध्या मी एक साधी एक्सेल शीट केली आहे. चार कॉलम: शब्द, कुणाच्या तोंडून ऐकला, कशाबद्दल, आणि कोशात आहे की नाही. गावी गेलो की आजीशेजारी मोबाइलचं रेकॉर्डिंग चालू करून बसतो. ती आधी लाजली, आता स्वतःच सांगते, "हे लिव्हलास का रे?" दोनशेच्या वर शब्द झालेत. तिचं वय ब्याऐंशी आहे. तिच्यानंतर माळवदावर वाळवण घालणारं आमच्या घरात कुणी नाही, आणि मुळात माळवदच राहिलेलं नाही. मागच्या वर्षी स्लॅब पडला. त्यामुळे हे काम 'नंतर करू'च्या यादीत टाकता येत नाही, नाहीतर त्याचंही भिजत घोंगडं व्हायचं.

पुढचा बेत केळीच्या बागांचा. घड उतरवणारी, गाडी भरणारी माणसं दिवसभर एकमेकांना काय हाका मारतात, पानाला, कोंबाला, सालीला काय म्हणतात, ते सगळं रेकॉर्ड करायचंय. मोल्सवर्थला सरकार पटवायला १८२५ साल उजाडलं. आपल्या खिशात रेकॉर्डर आहे आणि रविवार मोकळा आहे. तुमच्या घरीही कुणी आजी, मावशी, शेतावरचा सालगडी असेल. एक तास द्या त्यांना, हसाल भरपूर एवढी गॅरंटी माझी.

बराच काथ्याकूट झाला. ताट वाढलंय, आता मी जेवायलो. भेटू पुढच्या शनिवारी!